आमच्या अर्ध्या बगीच्याची छाटणी

संत्र्याचं झाड हिवाळ्यात छाटावं. फळ उतरलेलं असतं, पाणी आपणच तोडलेलं असतं, झाड झोपल्यासारखं उभं असतं. तेव्हा काप दिला की जखम लवकर सुकते, कुजत नाही. कोणती काडी मेली आणि कोणती जिवंत, हे स्पष्ट दिसतं. बुंध्यातून सरळसोट वर जाणाऱ्या वांझ फांद्या, ज्यांना आम्ही पाणसोट म्हणतो, त्या निघाल्या की आतपर्यंत ऊन जातं. मग पाणी सोडलं की झाडाचा सगळा जोर बहारात येतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. सन सत्तरच्या सुमारास मी जाम गावच्या चौकात संत्र्यांची टोपली घेऊन बसायचो. पुढे आर्वीकडचे बगीचे उभ्या फळावर, म्हणजे फळ झाडावर असतानाच, विकत घेऊ लागलो. दुसऱ्याच्या झाडांसाठी घासाघीस करताना नजर तयार होते.

वडील गेल्यावर आंजीजवळचा त्यांचा बगीचा आम्हा दोघा भावांत वाटला. रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. माझ्या थोरल्या भावाने वाटेही पाडले आणि आधी उचललंही त्यानेच. विहिरीकडची गच्च झाडं त्याला, मुरमाड जमिनीवरची मला. जमलेले नातेवाईक सुपारी कातरत बसले. माय म्हणाली, "घे नं बापा, तू त कमावता हायेस." कमावत्याला हलकं द्यायचं हा कुठला न्याय, ते मला आजही कळलेलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात मी माझी झाडं छाटायला घेतली. भाऊ बांधावर येऊन उभा राहिला.

"काऊन बे, झाडायची हजामत करून राह्यला का? व्यापारी आला अन् त्यानं हे टकले पाह्यले, त उभा तरी राहीन का?"

"व्यापारी मीच हावो, भाऊ. मले नोको शिकवू."

"म्हनूनच तुले माया नाई. बाबानं लावले, अन् तू कसायावानी कापतं."

मी हातातली करवत फेकली. ती बांधापलीकडे त्याच्या वाट्यात पडली. त्याने ती दिली नाही, मी मागितली नाही. आर्वीहून दुसरी आणली.

त्याचं म्हणणं गावात सगळ्यांना पटत होतं. फळ झाडावरच विकायचं, व्यापारी बांधावरून घेर पाहणार, तेव्हा एकही फांदी कमी करायची नाही, पाणसोटसुद्धा ठेवायचे. झाड भरलेलं दिसलं पाहिजे. पण बांधावरून पाहणारा व्यापारी कच्चा असतो. मी झाडाच्या आत हात घालायचो. बाहेर हिरवं आणि आत कडकड मोडणाऱ्या काड्या लागल्या की पुढच्या झाडाकडेही न जाता निघायचो.

माझ्या झाडांना फळ मोजकं लागलं, पण अंगाने मोठं. भावाची झाडं दोन-चार वर्षं हिरवीगार दिसत राहिली. मग शेंड्याकडून वाळायला लागली, बुंध्यांतून डिंक गळायला लागला. मला बांधाअलीकडून सगळं दिसत होतं. अजून दोन हिवाळे नीट छाटली असती तर बरीचशी वाचली असती. वडिलांचा बगीचा अखंड राहावा एवढंच मला हवं होतं.

माय त्याच्याकडे राहायची. एकदा माझ्याकडे जेवायला आली तेव्हा म्हणाली, "त्याले सांगून दे नं, कसं कापाचं ते."

"विचारू दे त्याले. मंग सांगतो."

"तो मोठा हाये. तो कसा विचारीन?"

"अन् मी लाहान हावो म्हून सांगत फिरू काय?"

तिने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.

सन ऐंशीच्या आसपास कळलं की भाऊ त्याची सगळी झाडं सरपणवाल्याला देतो आहे. मी ओळखीचा एक दलाल पाठवला. त्याने भावाचा अर्धा भाग झाडांसकट माझ्यासाठी घ्यायचा, माझं नाव काढायचं नाही. पण त्याला बजावलं, पहिला भाव कबूल करू नको. कुणीच करत नाही, संशय येतो. झाडांत खोड काढ, उठून जा, परत ये. दलालाने तसंच केलं. दुसऱ्यांदा उठला तेव्हा भाऊ हसला म्हणे.

"बस खाली. मेल्या झाडासाठी एवढं घासनारा या जिल्ह्यात एकच मानूस हाये. त्याले सांग, सरपन झालं तरी चालीन, पन त्याले नाई."

दलालाने हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

झाडं पडली तेव्हा हिवाळाच होता आणि मी माझ्या बाजूला छाटणी करत होतो. विहिरीकडून कुऱ्हाडींचा आवाज येत होता. माय तोडणाऱ्यांना पाणी नेऊन देत होती. दुपारी मी बांधापर्यंत गेलो. जवळची खोडं पाहिली. काही पार वाळलेली होती. बऱ्याच खोडांचा काप मात्र ओला, पिवळसर होता आणि वास ताज्या लाकडाचा होता.

भाऊ पलीकडे येऊन उभा राहिला. किती वर्षांनी एवढा जवळ. दाढी वाढलेली, नजर खोडांवर.

"पाह्यलं का? आतून सारे वाळलेच होते."

"हो," मी म्हणालो.

तो परत विहिरीकडे गेला. मी डब्यातला चुना-मोरचुदाचा लेप काडीने ढवळला आणि पुढच्या झाडाच्या कापावर लावायला घेतला.