निळं कव्हर आणि चंडोलाचं साल

आमच्या बेलापुरात माझा उद्योग समजावून सांगायचा म्हणजे एकपात्री प्रयोग करावा लागतो, आणि मी तो हौसेने करते. पहिल्या प्रेक्षक शेजारच्या मावशी. एकदा दारात टेकून म्हणाल्या, "मॅडम, पाखरं तर भाईर हायेत. तुमी आत कॉम्प्युटरात काय बघताय?"

"माळावरच्या चंडोलाचं शास्त्रीय नाव पहिल्यांदा कुणी छापलं, कुठल्या पुस्तकात, कुठल्या साली, ते शोधतेय. दोघांनी नाव ठेवलं असेल, तर ज्याचं आधी छापलं त्याचं टिकतं."

"मंजी मूळ उताराच की! तलाठ्याचं काम हाय हे. कुनी नेमलं तुमाला?"

"कुणीच नाही."

"मंग बरंय. बदलीची भीती न्हाई."

दिवसा मी श्रीरामपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल असते. आई गेल्यापासून घरी एकटी. या नादाबद्दल बोलायला मला जगात एकच माणूस होता: कोल्हापूरचे एक निवृत्त ग्रंथपाल, वय ऐंशीच्या पुढे. एका जुन्या नियतकालिकाचं पान हवं होतं म्हणून त्यांनी मेल केला, तिथून ओळख झाली. भेट कधीच नाही. दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा आणि मी साडेनऊलाच केस विंचरून बसायची. फोनवर केस दिसत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी एक टिपण लिहिलं. त्या चंडोलाचं आज चालणारं नाव उडवायला हवं, कारण ते छापलं जाण्याच्या एक वर्ष आधीच एका इंग्रजी नियतकालिकात या पाखराला दुसरं नाव दिलेलं आहे, असा त्यांचा दावा होता. "बाईसाहेब, पाठवण्याआधी डोळ्यांखालून घाला. एवढं छापून आलं की मी मोकळा."

त्या नियतकालिकाच्या खंडाच्या पहिल्या पानावर साल होतं, ते त्यांच्या म्हणण्याशी जुळत होतं. पण असे खंड सुट्या अंकांनी यायचे. पहिलं पान पहिल्या अंकाबरोबर छापलं जायचं आणि शेवटचे अंक रखडत दोन-दोन वर्षांनी निघायचे. खरी तारीख असायची ती प्रत्येक अंकाच्या कागदी कव्हरावर, आणि बांधणीच्या वेळी ती कव्हरं फाडून टाकली जायची. कोण फाडायला लावायचं? आम्हीच! बाइंडरच्या डोक्यावर उभं राहून मी वर्षानुवर्षं बजावलंय, "कव्हरं काढा हो, गठ्ठा जाड होतो." कोल्हापूरकरांनीही जन्मभर हेच केलेलं. ग्रंथपालाची नजर पहिल्या पानावरचं साल बघते आणि निर्धास्त होते.

मी सहज परदेशातल्या दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत कॉम्प्युटरवर उघडली. तिथला बाइंडर आळशी असावा, देव त्याचं भलं करो. त्याने सगळी कव्हरं खंडाच्या शेवटी तशीच शिवून टाकलेली. निळी, डागाळलेली, महिना आणि वर्ष छापलेली. चंडोलाचा अंक निघाला होता दोन वर्षं उशिरा. म्हणजे म्हाताऱ्यांनी पुढे केलेलं नाव एक वर्ष आधीचं नव्हे, एक वर्ष नंतरचं. टिपण साफ कोसळलं.

मी खुर्चीतून उठून चक्क गिरकी घेतली. मग सांगायला वळले, तर सांगण्यासारखा माणूस एकच, आणि नेमकं त्यांनाच सांगायची सोय नव्हती. दुखावले आणि फोन बंद झाला, तर रविवारी मी कुणासाठी बसणार?

पहिल्या रविवारी मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. दुसऱ्या रविवारी सोनईच्या रस्त्यावर पाहिलेल्या धाविक पक्ष्यांचं रसभरित वर्णन केलं, आवाजासकट. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "उद्या पाठवतोय हं टिपण."

"पाठवू नका," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.



"कव्हर स्वच्छ वाचता येतंय?"

"हो."

"तुम्हाला कधी सापडलं?"

"दोन आठवडे झाले."

"म्हणजे एका रविवारी गुडघे विचारलेत, दुसऱ्या रविवारी धाविक ऐकवलेत." आवाज अजिबात चढला नाही. "मी चुकलो ते ठीक आहे. पण मला सांभाळून घेतलंत? इतका म्हातारा समजलात?"

त्यांनी फोन ठेवला.

नंतर मी त्या निळ्या कव्हरावर टिपण लिहिलं, खाली दोघांची नावं घालून त्यांना पाठवलं. परत आलं तेव्हा त्यांचं नाव खोडलेलं होतं आणि समासात एक ओळ होती: "ज्याने आधी शोधलं, त्याचं नाव." ते छापूनही आलं. मावशींनी अंक उलटासुलटा करून पाहिला. "फोटू न्हाई का तुमचा?" म्हणाल्या. नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

आता रविवारी दहाला मीच फोन लावते. त्यांची सून उचलते. "झोपलेत हो," ती म्हणते. सकाळी दहाला! सलग पाच रविवार झोपलेत. मागच्या खेपेला मागून खणखणीत आवाज आला, "सांग, गाढ झोपलोय म्हणून." सून बिचारी ओशाळली.

"झोपू द्या," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "पुढच्या रविवारी करते."