फ्यूज नसलेला दिवा

कौतिकला नाही म्हणता येत नसे. यावलच्या बसस्टँडमागे त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. हाताला यश होतं, पण समोरचा जरा आवाज चढवून बोलला की हा गडी 'हो भाऊ' म्हणून मोकळा. बायको मोहिनी हसून म्हणायची, "तुमाले कोनी हिरीत उडी मार म्हनलं, तं पानी किती हाये येवढंच इचारसान." त्यावरही तो मान डोलवायचा.

त्या उन्हाळ्यात जीवरामभाऊंची जुनी पिकअप त्याच्याकडे आली. केळीवाल्यांची गाडी, वडिलांनी घेतलेली, आणि वडील जाऊनही बरीच वर्षं झालेली. केळीचा चीक फळ्यांच्या फटींतून गळून गळून खालच्या वायरी काळ्याठिक्कर पडल्या होत्या, उरलंसुरलं उंदरांनी खाल्लं होतं. जीवरामभाऊंनी जळगावहून तयार नवी वायरिंग आणली, अख्खा जुडगा पिशवीत कोंबून. मुलाचं जाऊळ सातपुड्यातल्या मनुदेवीला काढायचं होतं, त्याआधी गाडी चालू व्हायला हवी होती.

कौतिक कामात रमला. जुनी वायर सोडवायची, तिच्या जागी नवी ओढायची, टेप गुंडाळायचा, प्रत्येक लाइन फ्यूजबॉक्समधून न्यायची. नव्या वायरींचे रंग जुन्या गाडीशी जुळत नव्हते, तरी टेस्टर लावून लावून त्याने सगळं जमवलं. इंडिकेटर लुकलुकले तेव्हा स्वारी लहान पोरासारखी खूश झाली.

मग जीवरामभाऊंची आई, सुगंधाबाई, दुकानात आल्या. गाडीत समोर मनुदेवीची तसबीर होती आणि तिच्यापुढे एक लाल बल्ब, चावी काढली तरी जळणारा. काम चालू असतानाही तो विझू नये म्हणून कौतिकने दुसरी बॅटरी लावून ठेवली होती.

"या दिव्याले फ्यूज लावू नको," सुगंधाबाई म्हणाल्या. "मांगे एकडाव फ्यूज उडला, दिवा इझला, अन् त्याच आठोड्यात आमचे हे गेले."

"अक्का, फ्यूज नही लावला तं वायर तापून जयते," तो चाचरत म्हणाला.

"जयू दे. दिवा इझाले नही पाहिजे."

पण कौतिकच्या तोंडातून निघालं ते 'हो अक्का'च. बॅटरी गाडीच्या मागच्या हौद्याखाली होती. तिथून केबिनपर्यंत त्याने दिव्याची वायर सरळ ओढली, फ्यूजविना. वायर जिथून जाते त्या पत्र्याच्या भोकाला, ती घासू नये म्हणून रबर हवं होतं, ते दुकानात नव्हतं. टेपचे वेढे देऊन त्याने वेळ मारून नेली.

जाऊळाच्या सकाळी हौद्यात केळीचा वाळका पाला अंथरला होता. घड खरचटू नयेत म्हणून टाकतात तोच, आज बायांना बसायला. कडकडीत वाळलेला, फटींतून खाली लोंबणारा. आळीतल्या बाया एकेक करत चढल्या, त्यांच्यात नवी साडी नेसलेली मोहिनीही होती. कौतिकने वाकून वायरीला हात लावला. कोमट लागली. ऊन म्हणावं, तर सूर्य अजून नीट वरही आला नव्हता. म्हणजे टेप घासून वायर पत्र्याला टेकत असणार.

"काय रे कौतिक, गाडीच्या पाया पडतो का?" जीवरामभाऊ म्हणाले, आणि बाया खळखळून हसल्या. कौतिकही हसला. आता तरी बोलायला हवं होतं मेल्याने! पण बोलला नाही. गाडी निघून गेली.

दुकानाचं कुलूप त्याने उघडलं आणि तसंच पुन्हा लावलं. मोटारसायकलला किक मारली. सातपुड्याच्या पायथ्याशी, रस्ता खडबडीत होतो तिथे, त्याला गाडी दिसली. आणि हौद्याखालून निघणारा धूर. बारीक, दोऱ्याएवढा. तो जिवाच्या आकांताने ओरडला, हॉर्न दाबून धरला. बायांना वाटलं, गडी जेवणाच्या ओढीने मागे आला. त्यांनी हात हलवले आणि देवीचं गाणं आणखी चढवलं. मोहिनीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्याने पुढे जाऊन मोटारसायकल आडवी घातली. जीवरामभाऊंनी करकचून ब्रेक मारला.

"उतरा! पह्यले खाली उतरा!"

बाया धडपडत उतरल्या. केबिनमधल्या सुगंधाबाई मात्र नातवाला मांडीवर घेऊन जागच्या हलेनात. "दिवा तं लागेल हाये," त्या बोट दाखवून म्हणाल्या. "मंग आमाले काय व्हनार हाये?"

कौतिक हौद्याखाली शिरला आणि त्याने ती वायर हिसडून काढली. तळहात भाजला. वर केबिनमध्ये दिवा गेला आणि सुगंधाबाई किंचाळल्या. पाला पेटला नव्हता. त्याची एक कड तेवढी करपली होती.

आग कोणी पाहिलीच नाही. पाहिलं ते एवढंच, की कौतिकने देवीचा दिवा विझवला. त्याने जळकी वायर सगळ्यांसमोर धरली. जीवरामभाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"पन हे वायर टाकली कोनं?"

कौतिकने सुगंधाबाईंकडे पाहिलं. नातवाचं डोकं पदराखाली झाकून त्यांनी तोंड फिरवलं होतं.

"मीच टाकली," तो म्हणाला.

जाऊळ राहिलं. बाया पायीच परत निघाल्या. कौतिकने मोटारसायकल वळवून मोहिनीपुढे उभी केली. ती बसली नाही.

"सकायी गाडीखाली वाकले, तवाच तुमाले मालूम व्हतं?" तिने विचारलं.

त्याने मान डोलवली.

"अन् तरी मले बसू देलं?"

पदर खोचून ती बायांच्या मागोमाग चालू लागली.