साडूंनी खोडलेली तपासणी

माझ्या साडूंइतका स्वतःच्या रक्तावर जीव असलेला माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रोह्याजवळ वरसे गावात राहतात. कंपनीत तीस वर्षं बॉयलर सांभाळला, निवृत्त झाले आणि वर्षभरात आमवाताने त्यांची बोटं धरली. बॉयलरच्या काट्यावरची नजर मग सीआरपीवर आली. सीआरपी म्हणजे अंगात सूज किती आहे ते सांगणारी रक्ताची तपासणी, हे मला डॉक्टरांच्या आधी साडूंनीच सांगितलं, तेही दहा-बारा वेळा. मी वर्गावर असताना फोन येतो. हॅलो वगैरे काही नाही. "मास्तर, नऊ." नऊ काय, असं विचारायची सोय नसते. "गेल्या टायमाला एकवीस व्हता," म्हणून ते फोन ठेवतात.

एकाच दिवशी रोह्यात आणि पेणला, दोन्हीकडे रक्त द्यायचं आणि आकडे जुळले नाहीत तर दोन लॅबवाल्यांना फोनवर एकमेकांशी बोलायला लावायचं, हा त्यांचा शिरस्ता. सकाळी उठून भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे राहतात आणि मूठ पूर्ण मिटायला किती मिनिटं लागली ते मोजतात. तोवर चहा आणायचा नाही, आणि मग तो गार झाला म्हणून कुरकुरायचं. गडब गावी एका लग्नात त्यांनी नवरीच्या बापाचा हात हातात घेतला तेव्हा मला वाटलं, अभिनंदन करताहेत. ते एकेक पेर दाबून बघत होते. "सकाळी आखडतात का?" त्या बिचाऱ्याच्या मागे पंगत खोळंबली होती.

आठवड्यातून एकदा, सोमवारी, त्यांची आमवाताची गोळी असते. ही गोळी लिव्हरला त्रास देऊ शकते, म्हणून सीआरपीसोबत दर वेळी लिव्हरचीही तपासणी करायची, असं पेणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. यंदा मेहुणीबाईंचा फोन आला, "जेवत नायत ओ. अर्धा भात ताटात तसाच. विचारलं तर सीआरपी दाखवतात." मी वरशाहून त्यांना गाडीत घातलं आणि पेणला आणलं. दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना सहज फाईल उघडली. डॉक्टरांच्या मागच्या पाच चिठ्ठ्यांवर लिव्हरच्या तपासणीवर निळ्या पेनाने रेघ मारलेली, पट्टी लावून मारावी तशी सरळ.

"भाऊ, हे कोणी खोडलं?"

"मीच."

"का?"

"दुखतंय बोटात. लिव्हरचं काय काम?"

शिवाय तीन महिने कुणीतरी दिलेला काढाही चालू होता, तो त्यांनी डॉक्टरांपुढे मी डोळे वटारल्यावर सांगितला. मी इतका वैतागलो होतो की त्यांच्याकडे बघवेना.

रक्त पुन्हा तपासलं. लिव्हरचे आकडे कित्येक पट वर गेले होते. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. डॉक्टरांनी गोळी थांबवली, काढा कायमचा बंद केला आणि समजावलं, की आमवाताची सूज नुसती सांध्यात राहत नाही. ती सूज, ती चरबी, गोळी आणि काढा, सगळं मिळून लिव्हरवर आलंय. साडूंनी हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, दारू नाय पिली तरी व्हतं असं?"

"होतं. पुष्कळांना होतं."

त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं.

परतताना गडब मागे पडल्यावर म्हणाले, "कासूला घ्या गाडी." कासूला त्यांचा धाकटा भाऊ राहायचा, काही वर्षांपूर्वी लिव्हरनेच गेला, एवढं मला माहीत होतं. "सारा गाव म्हनायचा, चोरून पितो," साडू खिडकीबाहेर बघत बोलले. "मी बी म्हटलं. शेवटचे चार महिने बोललो नाय त्याच्याशी." थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या कागदावर लिव्हर निघालं असतं, तर मलाही तेच बोलले असते."

माझा राग कुठे गेला कळलं नाही.

पुढे औषध बदललं, दोन-अडीच महिन्यांत आकडे उतरले. मधल्या काळात बोटांनी त्यांना चांगलंच रडवलं. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा कासूचा ओटा. भावाची बायको सुपात वाल निवडत बसली होती. साडू उभ्यानेच म्हणाले, "तो पीत नव्हता गो. डॉक्टर म्हनाले, न पिता बी व्हतं."

तिचे हात थांबले नाहीत. "मला ठाव व्हतं, भावजी. बसा."

ते बसले. काय करावं न सुचून त्यांनी सुपात हात घातला आणि सुजलेल्या बोटांनी खडे वेचू लागले. खडे थोडे आणि वालच जास्त निघत होते. ती एकेक वाल उचलून परत सुपात टाकत राहिली.