सतरा प्रश्नांचा अर्ज

गुरुदत्त प्रधानांना माहिती अधिकारातलं सगळं कळतं, असं डोंबिवली पूर्वेतल्या त्यांच्या सोसायटीत अकरा वर्षं मानलं जात होतं, आणि मानणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द प्रधानांचा होता. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. पत्र कसं लिहावं हे त्यांना कुणी शिकवायची सोय नव्हती. निवृत्त झाल्यावर पहिल्याच सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या इमारतीचा भोगवटा दाखला मी आणून दाखवतो." इमारत राहायला योग्य आहे असं पालिका लिहून देते, तो हा कागद. बिल्डर त्याची प्रत हातात न देताच गायब झालेला, आणि त्या कागदावाचून पुनर्विकासाची बोलणी अडलेली. सभेत टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांवर प्रधानांनी अकरा वर्षं काढली.

दाखला काही आला नाही. त्यांच्या अर्जात सतरा प्रश्न असत. दाखला दिला गेला आहे का, नसल्यास का नाही, असल्यास रहिवाशांना का कळवलं नाही, या दिरंगाईस जबाबदार कोण. भाषा अशी, की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. उत्तर दर वेळी तेच यायचं: प्रश्नार्थक माहिती देता येत नाही, आपणांस नेमका कोणता अभिलेख हवा ते कळवावे. प्रधान ते सगळ्यांना वाचून दाखवत आणि म्हणत, "बघा, कशी बगल देतात." मग अपिलात ते तेवीस प्रश्न विचारत.

आणि मग जनीचं प्रकरण झालं.

जनी खाडीकाठच्या गावची कोळीण. बुधवार, शुक्रवार, रविवार सोसायटीच्या गेटवर पाटी घेऊन बसायची. तिचं गाव कधीच पालिकेत गेलेलं आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या वह्याही तिकडेच गेलेल्या. आपलं घर सासऱ्याच्या वेळचं आहे, हे दाखवायला तिला त्या वहीतला उतारा हवा होता. दोनेक वर्षांपूर्वी तिने प्रधानांना गेटवर गाठलं होतं. प्रधान तेव्हा अपील पोस्टात टाकायच्या घाईत होते. कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी दोन ओळी खरडल्या, खाली सही कर, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव म्हणाले आणि तिला वाटेला लावलं. पोस्टाच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत ते विसरलेही होते.

जनीला बावीस दिवसांत पालिकेतून बोलावणं आलं आणि उताराही मिळाला. ती प्लास्टिकच्या पिशवीत उतारा घालून थेट प्रधानांच्या दारात आली. "भाऊ, मना टेबलाशी बसवलानी," ती सांगत होती. "मी एकेक पान उलटलं. सासऱ्याचं नाव दिसलं नि मी थितंच रडले." उताऱ्यावर घर होतं, ओटा होता, मागचा आड होता, खाली गोल शिक्का होता. प्रधानांनी तो दोनदा वाचला, चांगलं झालं म्हणाले, आणि त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. तोवरच्या नऊ वर्षांत त्यांच्या फायलीत असा एक शिक्का नव्हता.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी जनी त्यांच्या बायकोच्या, मंदाकिनीबाईंच्या, हातात काहीतरी ठेवू लागली. कधी कोलंबी, कधी मांदेली. पैसे घ्यायची नाही. "भाऊला द्या," एवढंच म्हणायची. प्रधानांना वाटे, ही आपल्याला खिजवतेय. कायस्थाच्या घरात कोलंबीचं खडखडलं शिजायचं आणि घरधनी समोर बसून वरणभात गिळायचा. मंदाकिनीबाई दोघांचा वाटा शांतपणे एकटीने संपवायच्या.

पुढे जनीच्या गावातल्या आठ घरांना उतारे मिळाले. मग सोसायटीतल्या बायका कोथिंबीर निवडता निवडता म्हणू लागल्या, जनीला विचारा, तिला जमतं. प्रधान भाजी आणायला मागच्या गेटने जाऊ लागले.

कडेलोट सभेत झाला. सेक्रेटरी निशिगंधा घोडबंदर रोडच्या कुठल्याशा आयटी कंपनीत कामाला होती, तिला सगळं लवकर लागायचं. ती सहज म्हणाली, "काका, एकदा जनीमावशींना सोबत घेऊन जाऊया का पालिकेत? त्यांना प्रोसेस माहितीये." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रधानांच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईला चौथीच्या पुढे शाळा माहीत नाही, ती आपलं बोट धरून आपल्याला पालिकेत नेणार. नक्की तिची आत ओळख असणार. नक्की कुणाच्या तरी घरी पापलेटं जात असणार. "मी हे उघडं पाडतो," ते घरी येऊन म्हणाले. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अहो, ती बिचारी आपल्याला मासे देते." "तेच म्हणतोय मी," प्रधान म्हणाले, आणि अर्ज लिहायला बसले. संतापाच्या भरात त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. जनीने केलेल्या मूळ अर्जाची साक्षांकित प्रत मिळावी, एवढंच लिहून त्यांनी सही ठोकली.

एकोणिसाव्या दिवशी पाकीट आलं. नाव-पत्ता झाकलेला एकच कागद. प्रधानांनी चष्मा लावला.

"आमच्या घराची नोंद असलेली जुनी वही मला पाहू द्यावी. पाहून झाल्यावर लागेल त्या पानाची प्रत द्यावी. ही विनंती."

'ही विनंती'खाली दोन रेघा होत्या. विमा कंपनीत असताना प्रत्येक पत्रावर प्रधान तशा दोन रेघा मारत. अक्षरही तेच, घाईत जरा तिरकं झालेलं. कोपऱ्यात पालिकेचा गोल शिक्का होता. त्यांच्या हस्ताक्षरावर बसलेला आयुष्यातला पहिला.

मंदाकिनीबाईंनी खांद्यावरून वाचलं. "अक्षर तुमचं आहे."

"हो."

"मग आपल्या इमारतीसाठी असं का नाही लिहिलंत?"

प्रधानांना उत्तर माहीत होतं. कोळणीला एवढं पुरे, असं वाटलं होतं. अभ्यास, कायदा, भाषा हे सगळं त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. दोन वर्षं जळत होते तिच्यावर, आणि तिच्या हातात होत्या त्यांनीच टाकून दिलेल्या दोन ओळी. राग काढावा तर आता कुणावर, तेही कळेना. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी ते पुढच्या गेटने खाली उतरले. हातात नवा अर्ज होता: आमच्या इमारतीची फाइल पाहू द्यावी, पाहून झाल्यावर लागेल त्या पानाची प्रत द्यावी. त्यांनी तो जनीपुढे धरला. "वाच गं जरा. बरोबर आहे का?"

जनीने पदराला हात पुसले, कागद लांब धरला आणि ओठ हलवत वाचला. "मासे खाल्लेव ना?" मधेच तिने विचारलं.

"खाल्ले," प्रधान खोटं बोलले.

ती पुन्हा वाचू लागली. शेवटी तिचं ओलं बोट कागदाच्या तळाशी जाऊन थांबलं.

"वरचं बेस हाय, भाऊ. तुमी मना दिल्यालं तसंच. पण ह्यो खाली 'या दिरंगाईस जबाबदार कोण' कंला लिवलाव?"

प्रधानांनी खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ खोडली.