तुरळक ठिकाणी

आभाळ माणसाशी कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य माझंच आहे, पण स्वतः बोलण्यासाठी लिहिलेलं नाही. बुलढाण्यात पक्षीनिरीक्षणाच्या एका शिबिराचं उद्घाटन होतं आणि प्रमुख पाहुण्यांना भाषण लिहून हवं होतं. कॉलेजच्या ग्रंथपालाकडे अशी कामं आपोआप येतात. पाहुण्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हात वर करून. आभारप्रदर्शन होईपर्यंत पावसाने मंडप खाली बसला होता. त्या दिवशी आकाश निरभ्र राहील, असं मोबाइलवर मी स्वतः बघून ठेवलं होतं.

खुर्च्या उचलताना एक शेतकरी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, मले इचारलं असतं तर मंडप टाकूच दिला नसता."

त्यानंतर मी त्यालाच विचारत आलो.

त्याचं शेत धाडच्या अलीकडे, एका तलावाला लागून. मिरची, कांदा, थोडी वांगी. हिवाळ्यात त्या तलावावर पट्टकदंब हंस उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. तो त्यांना नुसतं 'पाहुणे' म्हणायचा. हे पाहुणे वेळेवर येत, भाषण करत नसत. दर रविवारी मी गाडी घेऊन जायचो, आम्ही बांधावर बसून त्यांची मोजणी करायचो आणि आमचे आकडे कधीच जुळायचे नाहीत.

जायचं की नाही हे शनिवारी संध्याकाळी फोनवर ठरे. त्याच्या अंदाजाचे दोनच प्रकार होते: 'या' आणि 'येऊ नका'. टक्केवारी नाही, नकाशा नाही. पाच हिवाळ्यांत तो एकदाही चुकला नाही.

"तुला कळतं कसं?" मी एकदा विचारलं.

"वास येते. तळ्याच्या गाळाचा वास घराकडं आला म्हणजे वारं फिरलं. वारं फिरलं का पाणी."

"आणि नाही आलं पाणी तर?"

"मंग वास आलाच नव्हता समजा."

सरकारी अंदाजावर त्याचा राग नव्हता, फक्त एक शंका होती. बातम्यांत 'तुरळक ठिकाणी हलक्या सरी' असं आलं की तो विचारायचा, "सर, हे तुरळक गाव कोण्या तालुक्यात येते हो?"

"मेहकर. हिवरा आश्रमाच्या थोडं पुढे."

"तिथले लोकं सुखी असतीन मंग. दर बातमीत त्यांचंच नाव."

ते फेब्रुवारीचे दिवस होते. हंस परत निघण्याच्या बेतात होते आणि तो त्या हिवाळ्यातला शेवटचा रविवार ठरणार होता. शनिवारी त्याने 'या' म्हटलं. रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून मी चपला घालत होतो, तेवढ्यात फोन वाजला. तो कधी आपणहून फोन करत नसे.

"आज येऊ नका, सर."

"काऊन?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. एरवी तो यावर हसायचा.

"येऊ नका म्हनलं ना." फोन बंद.

बुलढाण्यात दिवसभर कडक ऊन पडलं. मी गच्चीवर गाद्या वाळत घातल्या. दुपारच्या बातम्यांत अवकाळी पावसाबद्दल नेहमीचं वाक्य होतं, तुरळक ठिकाणी वगैरे. मी गाद्या उलट्या केल्या.

संध्याकाळी त्याच्या पुतण्याचा फोन आला. काका अंगणात पडलेले सापडले, गेले. दुपारी कधीतरी छातीत कळ आली असावी, असं डॉक्टरांचं म्हणणं. घरात कोणी नव्हतं. त्याची बायको गावातल्या बायकांबरोबर जीप करून शेगावला दर्शनाला गेली होती.

मी गेलो असतो, तर गाडी त्याच्या दारात उभी असती. तिथून दवाखाना पंचवीस मिनिटांवर. हा हिशोब करायला ग्रंथपाल लागत नाही. पण मला छळणारा प्रश्न वेगळा होता. पाच हिवाळे न चुकलेला माणूस स्वच्छ उन्हाच्या दिवशी 'येऊ नका' म्हणतो, याचा अर्थ एकच. त्याला सकाळपासून बरं वाटत नव्हतं, मला त्रास नको म्हणून त्याने आभाळाचं निमित्त केलं आणि त्याचा आवाज ऐकूनही मला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीला माझ्या चपला चिखलाने भरल्या होत्या. लोकांनी पाणी सांडलं असेल, असं मी धरून चाललो. पुढचे अनेक महिने सकाळी फोन वाजला की मी आधी खिडकीतून आभाळ बघायचो आणि मग फोन घ्यायचो.

पुढच्या हिवाळ्यासाठी मी दुसरा अंदाज शोधायला लागलो. मोबाइलवर तीन अ‍ॅप घेतली. एकाच तलावावर एकाच वेळी तिघांची तीन आभाळं असायची. शेतकऱ्यांच्या एका ग्रुपवर एक हवामान अभ्यासक रोज सकाळी पाऊस जाहीर करायचे आणि संध्याकाळी तो पुढे ढकलायचे. आपल्याकडे घटाभोवती धान्य मांडून वर्षाचा पाऊस सांगतात, तेही जाऊन बघून आलो. पण मला वर्षाचा नको होता, रविवारचा हवा होता. हवामान कितीही चांगलं निघालं तरी मी घराबाहेर पडत नव्हतो, ही गोष्ट मी स्वतःलाही फारशी सांगितली नाही.

मग फेब्रुवारी आला. एका शनिवारी संध्याकाळी बोटाने सवयीने त्याचाच नंबर लावला. चूक लक्षात येईपर्यंत पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"वहिनी, उद्या... तलावावर यावं म्हणतो."

"या," ती म्हणाली. तेवढंच.

रविवारी हंस होते. मी मोजले, आकडा सांगायला कोणी नव्हतं. मग घरी गेलो. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. वहिनीने चहा दिला. वर्षभर घोळवलेला प्रश्न मी शेवटी विचारला: त्या सकाळी त्याची तब्येत कशी होती?

"चांगली होती की. दोन भाकरी खाल्ल्या अन् मले म्हणे, छत्री घेऊन जा. शेगावले कायले छत्री, म्हनून मी नाही नेली."

"छत्री?"

"पाणी आलं ना त्या दिवशी. शेगावपासून आपल्या गावच्या पुलापावतर रस्ता कोरडा ठक्क. पुलाच्या अलीकडं सारा चिखल. जीप फसली आमची."

मी कप खाली ठेवला.

"मिरच्या साऱ्या पोत्यात भरल्या होत्या त्यानं. एकट्यानं. ताडपत्री झाकली होती. ताडपत्रीवर पाणी साचेल होतं." तिने कप उचलला. "तुमची गाडी चिखलात फसते म्हनून तुम्हाले नाही म्हनलं त्यानं. तुम्हाले नाही सांगतलं का?"

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत, वहिनी."

"मयतीले आलेलं माणूस पाणी किती पडलं थोडीच इचारते."

म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. त्याला काही होत नव्हतं, त्याने काही लपवलं नव्हतं. त्याने फक्त अंदाज सांगितला होता, नेहमीसारखा बरोबर. मी गेलो असतो तर निम्मी पोती मी उचलली असती. खरं सांगायचं तर मला ते खोटंच बरं होतं. त्यात निदान त्याने माझा विचार करून काही केलं होतं. यात फक्त पाऊस आणि माझी गाडी होती.

वहिनी एकदम उठली आणि मिरच्या गोळा करायला लागली.

"काय झालं?"

"तळ्याचा वास आला. तुम्ही निघा आता, सर."

मला काही वास आला नाही. मोबाइलवर तिन्ही अ‍ॅपना पहिल्यांदाच एकच आभाळ दिसत होतं, निरभ्र. मी मोबाइल खिशात टाकला, पोतं धरून उभा राहिलो आणि शेवटची मिरची आत जाईपर्यंत निघालो नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या भागाच्या पर्जन्यमापकाची नोंद बघायला गेलो. पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावात आहे, तलावापासून नऊ किलोमीटरवर. गेल्या वर्षीच्या त्या रविवारची तारीख सांगितली. तिथल्या माणसाने रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि रजिस्टर माझ्याकडे वळवलं. त्या तारखेपुढे पावसाच्या रकान्यात लिहिलं आहे: निरंक.