आदी वास, मग बटन

“आदी वास, मग बटन.”

हे आमच्या शेजाऱ्यांचं, ऑपरेटरांचं वाक्य इमारतीत सगळ्यांना पाठ होतं. कुणाचा मिक्सर बिघडो, पाण्याचा पंप बिघडो, ऑपरेटर आधी गुडघे टेकून बसत, दोन्ही हात पाठीमागे धरत, डोळे मिटत आणि त्या वस्तूला नाक लावत. हात मागे कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. “नाक काम करतंय तवर हातानं मधी बोलायचं न्हाई,” असं उत्तर मिळालं. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हाला वाटलं असतं, माणूस मिक्सरच्या पाया पडतोय.

बोईसरमध्ये माणसाला नावापेक्षा कामावरून ओळखतात. आमचे ऑपरेटर मूळ सांगलीकडचे. तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आले आणि एका रासायनिक कारखान्यात फील्ड ऑपरेटर झाले. पाइप, पंप आणि टाक्यांमधून फेऱ्या मारायच्या, कुठे गळतंय का ते बघायचं, हे त्यांचं काम. माझ्या समोरच्या खोलीत ते आणि वहिनी राहत. मी पालघरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. शिकवत नाही, पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ‘सर’ करून टाकलं. फुकटची बढती कोण नाकारतो?

संध्याकाळी वारा फिरला आणि हवेत काहीतरी आंबट, काहीतरी कुजकं आलं की इकडची घरं मुकाट्याने खिडक्या लावून घेतात. आमच्या इमारतीतले लोक मात्र आधी गॅलरीत येऊन ऑपरेटरांकडे बघत. ते नाक वर करून सांगत, “हा आपला न्हाई. रंगवाल्यांचा हाय. जेवून घ्या निवांत.” मग लोक निवांत जेवत. वास काही त्यामुळे जात नसे, पण तो कुणाचा आहे एवढं कळलं तरी माणसाला बरं वाटतं.

सातपाटीहून मासे घेऊन येणारी मावशी मात्र त्यांच्यावर खेकसायची. “ओ भाऊ, नाक काय लावता? ताजा हाय. मगाशी टोपलीत उड्या मारत होता.”

“उड्या मारत हुता, तर पळून कसा न्हाई गेला?” असं म्हणून ते वाटा उलटापालटा करत.

एका रविवारी ते बगलेत जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. कारखान्यातल्या कुठल्याशा साहेबाने टाकून दिलेला. बॅटरी मेलेली, त्यामुळे चार्जर लावला तरच जिवंत. आतली सिस्टिम सुरू व्हायला इतका वेळ घेई की तेवढ्यात चहा होऊन कप विसळून झाले असते.

“सर, ह्याला उठवा. मला पॅनेलवर जायचंय.”

पॅनेल म्हणजे कारखान्याची कंट्रोल रूम. तिथे गार हवेत बसून पडद्यावर आकडे बघायचे. ज्यांना कॉम्प्युटर हाताळता येतो त्यांचा विचार होणार होता, आणि साहेब लोक परीक्षा घेणार होते. ऑपरेटरांनी पन्नाशी ओलांडलेली. माऊस त्यांनी आयुष्यात धरला नव्हता.

मी म्हटलं, यावर हलकी सिस्टिम टाकू, लिनक्स.

“हलकी म्हंजे कमी कामाची?”

“नाही हो. काम तेवढंच करते, खाते कमी.”

“मग बरी हाय. आमच्या कंपनीला असलीच मानसं लागत्यात.”

पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल सुरू केलं, आणि मी खाली भाजी आणायला गेलो. हात लावू नका, एवढं सांगून गेलो होतो. परत येतो तो वहिनी जिन्यात उभ्या, ऑपरेटर दारात, आणि लॅपटॉप खोलीच्या मधोमध एकटा. चार्जरची पिन सॉकेटमधून काढलेली.

“सर, पडदा काळा पडला. मी सप्लाय तोडलाय. मानसं भाईर काढल्यात.”

पडदा नुसता झोपला होता. बराच वेळ कुणी हात लावला नाही की तो झोपतो. पण कारखान्यात यांना एकच शिकवलेलं, काही कळेनासं झालं की आधी सप्लाय तोडा, मग विचार करा. तिथे त्याने जीव वाचतात. इथे आमची सिस्टिम अर्धवट राहिली, आणि पुन्हा चालू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ नुसती लुकलुकत बसली.

मी चिडलो. “अहो, ते झोपलं होतं!”

“झोपलंय का मेलंय, भाईरनं कसं कळायचं?” ते म्हणाले.

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी इन्स्टॉल पार पडलं, पण सुरू करताना चिन्ह दिसायचं आणि पुढे सगळा अंधार. जुन्या मशीनला पडद्याचं नवं काम झेपत नव्हतं. सुरू होतानाच्या ओळीत एक शब्द घालून ते काम सोपं करून दिलं, तेव्हा उजेड पडला. मग वायफाय सापडेना. मोबाइल केबलने जोडून इंटरनेट दिलं आणि त्यावरून हवं ते उतरवून घेतलं. पडद्यावरून ओळी धावू लागल्या की ऑपरेटर पुढे झुकत. एखादी लाल ओळ आली की विचारत, “हा अलारम का नुसती माहिती?”

लॅबमध्ये मी मुलांना वर्षानुवर्षं हेच शिकवू पाहतोय, की लाल दिसलं म्हणून घाबरू नका, आधी वाचा. मुलं न वाचताच एंटर बडवतात. हे मात्र प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचत. ड्यूटी संपली की थेट माझ्याकडे येऊन बसत. मी म्हटलं, एवढी घाई कसली? तर म्हणाले, “वय झालं, सर. टाक्यांचं जिनं चढवत न्हाईत.” मला ते खरं वाटलं.

त्याच सुमाराला वहिनी कौतुकाने सांगत होत्या, “आमचे हे सुधारले बघा. आमटी करपली तरी नावं ठेवत नाहीत.” मावशीची तक्रार उलटी. “तुमचे ऑपरेटर आता नाक नाय लावत. देते ते घेतात नि जातात. मलाच करमत नाय.” एका संध्याकाळी हवा इतकी वाईट झाली की डोळे चुरचुरायला लागले. लोक सवयीने गॅलरीत आले. ऑपरेटर “फिरंल वारा” एवढंच म्हणाले आणि आत गेले. आम्ही म्हटलं, दमले असतील.

लॅपटॉपला आता नवं दुखणं लागलं. चालता चालता मध्येच बंद पडे. पंख्यात धूळ असेल, उघडून साफ करू, असं ठरलं होतं. एका दुपारी कॉलेजला सुट्टी होती. मी जिना चढत होतो तर वरच्या पायरीपासूनच जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. घशात जाऊन बसणारा. समोरचं दार उघडं होतं. आत ऑपरेटर गुडघे टेकून बसले होते, हात मागे, डोळे मिटलेले, आणि नाक चार्जरच्या वायरीपासून बोटभर अंतरावर. वायर पिनेजवळ काळी पडून फुगली होती.

“बंद करा ते!” मी ओरडलो.

“का? वास न्हाई.”

मी सॉकेटचं बटण बंद केलं. “अहो, जिन्यापर्यंत वास मारतोय आणि तुम्ही...” मी मध्येच थांबलो. त्यांनी डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं. हात अजून मागेच होते.

“सर, दार लोटा.”

सगळ्यांना येऊन गेला त्या साथीच्या तापात त्यांचं नाक गेलं होतं. “समद्यांचं परत आलं. माझं न्हाई आलं.” वहिनींना सांगितलं नव्हतं. कारखान्यातही कुणाला नाही. फेरीत त्यांचा जोडीदार म्हणून एक कंत्राटी कामगार असे, बिहारकडचा. त्याला ते सांगत, तू पुढे होऊन बघ, मला सर्दी झालीय. तो हसून म्हणे, “दादा, आपकी सर्दी तो परमनेंट हो गई, हम ही रह गए।”

“पण तिथे गळती सांगणारी यंत्रं असतील ना?”

“हैत की. जितं लावल्यात तितलं सांगत्यात. गळती काय त्यास्नी इचारून हुती व्हय?”

मी म्हटलं, उद्या जाऊन साहेबांना सांगा.

“सांगितलं की फील्डवरनं काढत्यात. आन पॅनेल तर अजून येत न्हाई. मग काय करू? पॅनेलवर नाक लागत न्हाई, सर. म्हनून तर ह्या मशीनच्या मागं लागलोय.”

“आणि तोवर तुमच्या जोडीदाराचं काय?”

ते काळी पडलेली वायर गुंडाळायला लागले. मला त्यांचा राग आला आणि त्यांची भीतीही कळली. दोन्ही खरं होतं. मी आयुष्यभर बिघडलेली मशीनं पाहिली, पण अशा कात्रीत सापडलेला माणूस इतक्या जवळून पाहिला नव्हता.

मी नवा चार्जर आणला. लॅपटॉप खोलून पंखा साफ केला. ते माऊस व्हॉल्व्हच्या चाकासारखा मुठीत धरत, मी बोटं सोडवून ठेवत असे. रोज दारातच विचारत होतो, “सांगितलं?” ते म्हणत, “सांगतो.” वहिनी आतून विचारत, काय सांगायचंय? आम्ही दोघेही पडद्याकडे बघायला लागायचो.

शेवटी एका संध्याकाळी लॅपटॉप सरळ सुरू झाला. एकही लाल ओळ नाही, अंधार नाही. निळा पडदा, खाली घड्याळ. मी टाळी वाजवली. ऑपरेटर हलले नाहीत.

“काल जोडीदार चक्कर येऊन पडला, सर. पंपापाशी गळत हुतं. त्यो जरा मागं ऱ्हायला हुता, म्हनून मी म्होरं हुतो. मी तितनंच फुडं गेलो, त्यो गळती बगाया थांबला. मला काय बी कळलं न्हाई.”

“आता कसा आहे?”

“बरा हाय. दवाखान्यातनं खोलीवर आलाय. बगाया गेलो तर मलाच म्हनला, दादा, साहब पूछेंगे तो मैं बोल दूँगा, मुझे भी सर्दी थी, पता नहीं चला.” ते पडद्याकडेच बघत होते. “त्याला ठावं हुतं, सर. पयल्यापासनं ठावं हुतं.”

मग म्हणाले, “आज सकाळी साहेबास्नी सांगून आलो.”

फील्ड गेली. पॅनेलही गेलं. एवढी गोष्ट लपवणाऱ्याला पॅनेलवर कोण बसवणार? घरी बसा म्हणाले. “बराबर हाय त्यांचं,” ऑपरेटर म्हणाले. मग त्यांनी माऊस हलक्या बोटांनी धरला, कोपऱ्यातला मेनू उघडला, मशीन रीतसर बंद केलं, आणि दिवा विझेपर्यंत थांबून मगच पिन काढली. मी शिकवलं होतं तसंच, एकही चूक नाही.

लॅपटॉप त्यांनी जोडीदाराला दिला. “त्याला शिकवा, सर. नाक चांगलं हाय त्याचं. पन नाकावर किती दिस काढंल?” तो आता रविवारी माझ्याकडे येतो. आल्या आल्या लॅपटॉपच्या जाळीला नाक लावतो. मी त्याला हे कधी सांगितलेलं नाही.

सांगलीला जाणारा टेम्पो भरला तेव्हा सगळी इमारत खाली उतरली होती. तोवर सगळ्यांना सगळं कळलं होतं. वहिनी पाठ फिरवून टेम्पोत बसल्या होत्या. मासेवाली मावशी टोपली डोक्यावरून उतरवून पुढे आली. हातात सुक्या बोंबलांची पुडी. ती उघडताच टेम्पोवाल्याने तोंड फिरवलं.

“घ्या भाऊ. जाता जाता नाक लावा एकदा,” ती म्हणाली. “ताजा हाय म्हनून नाय सांगत. सुकाच हाय.”

ऑपरेटरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, डोळे मिटले आणि पुडीवर वाकले. कितीतरी वेळ ते तसेच राहिले. मला राहवलं नाही.

“वास येतोय?”

त्यांनी मान हलवली. “न्हाई,” म्हणाले. “पन घ्यायचा, सर.”