खड्याला चिकटलेला कोंडा

ती घटना आजही आठवते आणि माझी मान खाली जाते. मी तेव्हा कर्जतला फौजदार होतो. कशेळ्यातल्या एका वाण्याच्या तांदळात खडा निघतो, अशी खबर आली. गारगोटीचा चुरा, अगदी तांदळाच्याच रंगाचा. मी पंचांसमक्ष पोती सील केली, अन्न निरीक्षकाकडे नमुना धाडला आणि वाण्याला उचलून ठाण्यात आणलं.

दिवसभर दरडावलं, पण त्याचं एकच पालुपद. "सायब, खालापूरच्या गिरणीतनं पोती येतात, तशीच इकतो. पोरांची शपथ!"

"सगळे चोर असंच बोलतात," मी हवालदाराला ऐकवलं. बाहेर त्याची बायको रडत होती. गुन्हा शाबित झाला असता तर तो माणूस आयुष्यातून उठला असता.

दुसऱ्या दिवशी तक्रारदार जबाबाला आली. डोंगरातल्या वाडीवरची ठाकर बाई, खड्याने तिचाच दात मोडला होता. लोकांचं धान्य पाखडण्यात तिचा जन्म गेलेला. वाण्याला कोठडीत बघून ती थबकली. म्हणाली, "सायब, सूप द्या."

मनात म्हटलं, आता ही काय दिवे लावणार! तरी सूप मागवलं. तिने पुराव्याला आणलेला वाण्याकडचा तांदूळ त्यात ओतला. अहो, काय सांगू! चार झटक्यांत तांदूळ पुढे सरकला आणि खडे तेवढे मागे राहिले. लिहिणारा रायटरसुद्धा लेखणी सोडून उभा राहिला.

तिने एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. "फुंका."

मी फुंकर मारली. खड्यावरची पिवळसर भुकटी उडेना.

"कोंडा हाय त्यो. गिरणीत तांदूळ गरम पडतो, तवाच खडा टाकला तर असा चिकाटतो. खडा दुकानात मिसळला असता तर कोंडा फुंकरीनं उडाला असता. शेट खोटं नाय बोलत."

मी थक्क झालो. इतकी वर्षं खाकी घालून मला जे दिसलं नव्हतं, ते तिला बोटांनी कळलं होतं.

त्याच दुपारी गिरणीवर छापा घातला. कोंड्याच्या ढिगाआड चुऱ्याची पोती निघाली. मालक आधी मला कायदा शिकवत होता. तो खडा पुढे ठेवून "आता फुंका" म्हटल्यावर त्याची बोबडी वळली आणि त्याने सगळं कबूल केलं.

वाण्याला सोडलं तेव्हा तो बाईच्या पाया पडायला वाकला. ती मागे सरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सायब, आदी पाखडायचं, मंग धरायचं."

अख्खं ठाणं ऐकत होतं. मी टोपी काढली आणि म्हणालो, "चुकलो, बाई." नोकरीत तेवढं एकदाच म्हणालो, खरं तर आणखी कितीतरी वेळा म्हणायला हवं होतं.